डाव्या पायडलाचं माप

परीक्षेच्या हॉलवर पर्यवेक्षकाला तीन तास काहीही करायचं नसतं, आणि नेमकं तेच मला जमत नाही. पुस्तक उघडायचं नाही, फोन केंद्रप्रमुखांकडे जमा, आणि खुर्चीत टेकलं की डोळा लागतो म्हणून बसायचंही नाही. पंचवीस मुलं माना खाली घालून लिहीत असतात, वर पंखा कुरकुरत असतो, बाहेर घनसावंगीच्या रस्त्यावरून उसाच्या शेवटच्या ट्रॉल्या धडधडत जात असतात, आणि मी दोन रांगांमधून सारख्या येरझारा घालत असते. एकदा एका मुलीने हळूच हात वर करून विचारलं होतं, "मॅडम, तुमी जरा थांबता का? माझं गणित हलून राह्यलंय."

लहानपणापासून माझ्या पायाला भिंगरी आहे. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी एका जागी उभी राहिले, असं आमच्या ह्यांनी सव्वीस वर्षांच्या संसारात कधी पाहिलेलं नाही. मार्च आला की ही भिंगरी पायातून हातात चढते. बोटांना काहीतरी खोलायला हवं असतं, घासायला हवं असतं. यंदाही पहिल्याच पेपरला, कोऱ्या उत्तरपत्रिकांवर सह्या करता करता, अंगठा आणि तर्जनी उगीचच एक न दिसणारा नट फिरवत राहिली. ह्या खोडीचं कारण तीन वर्षांपूर्वीचा परीक्षेचा हंगाम आहे. त्या मार्चमध्ये ह्याच हॉलमध्ये उभी राहून मी मनातल्या मनात एक अख्खी सायकल रोज एकदा खोलली, पुसली आणि पुन्हा जोडली. विज्ञानाच्या पेपरला हँडल, भूमितीला मागचं चाक.

सायकल माझ्या आत्याची. गयाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईला राहते. तिथल्याच आसपासच्या शाळांवर तिने जन्मभर मुलं शिकवली, लग्न केलं नाही. लहानपणी पोलिओ झाल्याने तिचा डावा पाय आखूड आहे आणि गुडघाही पुरता वाकत नाही. चालताना ती एका अंगाला कलते, आणि मग स्वतःला वर ओढून घेतल्यासारखी सरळ होते. शाळेवर दोन बाई होत्या, तेव्हा कोणत्या ते कळावं म्हणून गाव तिला लंगड्या बाई म्हणायचं. लंगड्या बाईचा वर्ग, लंगड्या बाईचं घर, लंगड्या बाई लई मायाळू. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, असं सगळ्यांना वाटायचं. आत्याला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्या वर्षी जानेवारीत तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून मी भेटायला गेले होते. मोठा काळा चष्मा लावून ती दारात बसली होती. मला म्हणाली, "मागं तुराट्या हायेत. त्या बाजूला कर, अन् काय निघतंय ते बग."

तुराट्यांच्या खाली सायकल निघाली. दोन्ही टायर विरून गेलेले, सीटचं कातडं उंदरांनी नेलेलं, गंजाचा थर इतका की हात लावला तर पोपडे पडत होते. 

"घेऊन जाय," आत्या दारातूनच म्हणाली. "तुला सुदरत न्हाई एका जागी बसायला. नीट कर. चौदा एप्रिलला मला तिच्यावर बसून विहारात जायचंय."

"आत्या, ह्या वयात?"

"मंग कोन्त्या वयात?"

मी हसले, पण ती हसत नव्हती. मागच्या दोन वर्षांपासून तिला विहारापर्यंत चालवत नव्हतं. जयंतीच्या दिवशी कुणीतरी मोटारसायकलवर घालून न्यायचं आणि विहारासमोर दोन बाजूंनी दोघं धरून खाली उतरवायचे. "पोत्यावानी उतरवत्यात," ती म्हणाली. "अन् समदं गाव बगतं. म्या तशी न्हाई जाणार आता. सायकल झाली तर जाईन, न्हाई तर घरीच बसंन." आत्या बोलते तसंच करते. विहाराच्या पायाची पहिली घमेली तिने वाहिली आहेत, आणि ती जयंतीला घरी बसणार हे मला ऐकवेना. मी सायकल जीपच्या टपावर टाकली आणि जालन्याला आणली.

आमचं घर जुन्या जालन्यात, धान्याच्या आडती आणि कापडाची दुकानं मागे टाकून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी रऊफचाचांचं सायकलचं दुकान आहे. चाचांची आता पासष्टी उलटली. त्यांनी सायकल उलटी केली, तेलाने भिजवलेल्या चिंधीने एक नट पुसला, पाना लावला, काढला, दुसरा लावला. एकही पाना बसेना. एक ढिला पडायचा, दुसरा शिरायचाच नाही. मग ते आत गेले आणि वडिलांच्या पेटीतला एक काळा पडलेला पाना घेऊन आले. तो बिनबोभाट बसला.

"मॅडम, ये इधर की न्हाई," ते म्हणाले. "आटे पहा, कित्ते बारीक हायेत. ही विलायतची."

झालं. त्या एका वाक्याने माझी झोप उडाली. आत्यासाठी सायकल चालती करायची हे काम होतं. सायकल कोणती हे शोधायचं, हा छंद झाला. हँडलखालचा नावाचा पितळी बिल्ला कधीच गळून गेलेला, दोन रिव्हेटांची भोकं तेवढी उरलेली. नाव नसलेल्या माणसाची ओळख जशी नाका-डोळ्यांवरून लावावी, तशी मी एकेका भागावरून लावायला लागले. पुढचं चाक धरणारा चिमटा साध्या सायकलीसारखा दोन नळ्यांचा नव्हता. दोन्ही बाजूंना दोन-दोन, अशा चार बारीक नळ्या होत्या. चिमट्याच्या डोक्यातच एक कुलूप होतं, किल्ली लावली की हँडल जाम. मागच्या मडगार्डला दोन्ही कडांनी सुईच्या टोकाएवढ्या भोकांची रांग होती, दोन्ही बाजूंना सारखी. ती भोकं कशाची, हे चाचांनाही सांगता येईना. "कीडा तो लोहा खाता न्हाई," एवढंच म्हणाले.

फोनवर जुन्या सायकलींच्या वेड्यांचा एक ग्रुप मला सापडला. पुण्याचे, कोल्हापूरचे, बंगळूरचे, आणि खुद्द इंग्लंडातले एक आजोबा. मी फोटो टाकायची, आणि बसमध्ये घनसावंगी येईपर्यंत उत्तरं वाचत राहायची. भोकांचं कोडं त्या आजोबांनी सोडवलं. तिकडच्या बायकांचे घोळदार झगे चाकात अडकू नयेत म्हणून मडगार्डपासून चाकाच्या मध्यापर्यंत दोऱ्यांची जाळी ओवत, तिची ती भोकं. मागच्या चाकाच्या मधल्या भागावर सालाचे दोन आकडे ठोकलेले असतात, तेही त्यांनीच सांगितलं. मी दात घासायच्या ब्रशने तासभर घासलं. एक तीन निघाला. पुढचा आकडा झिजून गेला होता. म्हणजे सायकल नव्वद वर्षांच्या आसपासची. कंपनी कोणती ह्यावर मात्र ग्रुपमध्ये तीन तट पडले, आणि चार नळ्यांच्या चिमट्यावरून दोन सभ्य गृहस्थांनी एकमेकांशी बोलणं टाकलं.

आमच्या घरी ती कशी आली, ते लहानपणी ऐकलेलं मला आता आठवलं. माझे आजोबा जालन्यात कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. तिथल्या गोऱ्या मॅनेजरची मड्डम कधीकाळी ती फिरवायची. ती मंडळी गेली, सामान मागे राहिलं, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी त्या बंगल्यातल्या अडगळीची हर्रास झाली तेव्हा आजोबांनी सायकल घेतली. आपल्या पायाने अधू लेकीसाठी. मधली दांडी वाकडी, म्हणजे लुगडं नेसूनही बसता येईल अशी. आमच्या समाजात तेव्हा पोरीला शाळेत घालणं हेच नवल, त्यात हा माणूस तिला विलायती सायकल आणून देतो. 

मार्च लागला तसं ऊन चढत गेलं. सकाळी सातला घरातून निघायचं, जीप, हॉल, येरझारा, परतीची बस. घरी आल्यावर मी साडी बदलून थेट अंगणात बसायची. चिंचेच्या कोळाने गंज निघतो, म्हणून घरातली वर्षाची चिंच संपवली. हिरव्या रंगाखाली शेंदरी लागला, शेंदरीखाली काळा, आणि काळ्यावर, कुठे कुठे, केसाएवढी सोनेरी रेघ. ती रेघ दिसली तेव्हा मी एवढ्याने ओरडले की शेजारीण धावत आली. आमचे हे ओट्यावर चहा घेत बसलेले असायचे. म्हणाले, "लग्नात आम्हाला हळद लावली ना, तेव्हाही कुणी एवढं मन लावून घासलं नव्हतं." मी तेव्हा अंगणात धावत होते. बेअरिंगचे दोन छर्रे घरंगळून नाल्याकडे चालले होते.

ह्या सगळ्या धांदलीत एक गोष्ट मी अगदी शांतपणे, पूर्ण विचार करून केली. तीच चुकली.

शाळेच्या प्रयोगशाळेतली व्हर्नियर पट्टी आणून मी सगळ्या भागांची मापं वहीत उतरवत होते. पायडल ज्या दांड्याला लावलेलं असतं तो क्रँक मोजताना लक्षात आलं की उजवा क्रँक लांब आणि डावा चांगला दीड इंचाने आखूड आहे. डाव्याच्या मधोमध एक सांधाही होता, कानशीने गुळगुळीत केलेला. मी फोटो टाकला. ह्या एका बाबतीत मात्र ग्रुपमधले तिन्ही तट एक झाले: डावा भाग चुकीचा आहे, कुणीतरी भलताच बसवला आहे, बदला.

आता वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मी गणिताची शिक्षिका. डावा क्रँक दीड इंच आखूड, असं मी माझ्याच हाताने लिहिलं, आणि ज्या बाईचा डावा पाय आखूड आहे तिचीच ही सायकल, हे मला पन्नास वर्षांपासून माहीत होतं. ह्या दोन ओळी एकाखाली एक कधी आल्याच नाहीत.

चाचांच्या हाताला मात्र काहीतरी कळलं होतं. ते त्या सांध्यावरून अंगठा फिरवत राहिले. "मॅडम, हा बाजारचा न्हाई. कोन्हीतरी बनवलेला हाय. अन् सफाई पहा. राहू द्या की."

"चाचा, मला ओरिजिनल पाहिजे."

"ओरिजिनल म्हंजे?"

"कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी."

"तवा हिच्यावर कोण बसत होतं?"

"कुणी का बसेना," मी म्हणाले. मला घाई होती, पुढच्या दिवशी बीजगणिताचा पेपर होता. चाचांनी खांदे उडवले, हातोडीने पिन ठोकून काढली आणि क्रँक माझ्या हातात दिला. पुण्याच्या एका गृहस्थांनी त्याच घडणीची जोडी पाठवली. दोन्ही क्रँक सारखे. ती बसवल्यावर सायकल अशी देखणी दिसली की मी दोन पावलं मागे जाऊन तिला नुसती बघत राहिले.

मी स्वतः त्या सायकलवर बसले होते, हे तर आणखी नवल. दहावीला मला आत्याकडे ठेवलं होतं, आणि परीक्षेचं केंद्र दोन गावं सोडून होतं. त्या मार्चमध्ये रोज सकाळी ती मला कॅरियरवर बसवून न्यायची. कॅरियरच्या सळया मांडीला रुतायच्या, फुफाट्यात चाक घसरायचं, कापलेल्या गव्हाच्या वावरांवरून वारा यायचा. आत्या पुढून ओरडून विचारायची, "वर्तुळाचं क्षेत्रफळ?" मी मागून ओरडायची. चुकलं की ती पायडल मारणं थांबवायची, बरोबर आलं की पुन्हा मारायची. माझ्या डोळ्यांपुढे सगळी वाट तिची पाठ असायची, घामाने चिकटलेलं पोलकं, आणि पाठीचा कणा ताठ. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. एकदाही कलला नाही. एवढे पेपर मी तिच्या पाठीमागे बसून दिले, आणि ही बाई जमिनीवर कलते, सायकलवर कलत नाही, असं कसं, हा प्रश्न मला पडला नाही. तेव्हा सूत्रं पाठ करण्यात गुंतले होते, आता सोनेरी रेघेत.

परीक्षा संपली त्या रविवारी मी अंगण झाडून काढलं. गंजलेले छर्रे, चाकाच्या मोडक्या तारा, जुनी साखळी, आणि तो क्रँक, सगळं एका गोणीत भरून दारावरच्या भंगारवाल्याला देऊन टाकलं. बदल्यात त्याने एक प्लॅस्टिकचं घमेलं दिलं. ते अजून आहे, मी त्यात काहीच ठेवत नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी छोट्या टेम्पोत घालून सायकल पिंपळगावला नेली. आत्या काळा चष्मा वर करून तिच्याभोवती फिरली. चिमटा चाचपला, मडगार्डवरून हात फिरवला. मी बोलत सुटले होते: ही भोकं कशाची माहितीये का, चाकावर साल आहे, ही रेघ बघ, खऱ्या सोन्याच्या वर्खाची असायची म्हणतात. आत्याने पदर खोचला, भिंतीला हात टेकून सीटवर बसली, उजव्या पायाने जोर दिला. डावं पायडल खाली गेलं, आणि तिचा डावा पाय हवेत राहिला. चप्पल गळून पडली. सायकल दोन हात जाऊन थांबली. तिने पुन्हा जोर दिला. पुन्हा पाय सुटला. तिसऱ्यांदा पायडल वर आलं तेव्हा गुडघा अडकला आणि ती कळवळली.

ती उतरली. कलत कलत ओट्यावर जाऊन बसली.

"ही माझी न्हाई," ती म्हणाली.

"आत्या, हीच ती. उलट आता कुठे खरी झाली आहे."

"खरी असंल. माझी न्हाई." मग सायकलच्या डाव्या अंगाकडे बोट करून म्हणाली, "त्यो डावा दांडा कुटं गेला? बानं केल्ता त्यो. जिनिंगात, जेवायच्या सुट्टीत. चार बार केला. तीन बार माझा पाय सुटला. चौथ्या बारीला म्या इथून निघाले ते थेट बारवेपातूर गेले, अन् बा मागं पळत आल्ता, टोपी हातात घेऊन."

मला त्या क्षणी जमिनीने गिळावं असं झालं. कुठल्याशा मड्डमसाठी कुठल्याशा कारखान्याने केलेले भाग मी चिंचेने पुसून लखलखीत केले, आणि माझ्या आजोबांनी स्वतःच्या हाताने केलेली एकच वस्तू गोणीत घातली. आजोबांचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडे. हातचं म्हणावं असं तेवढंच लोखंड होतं. आत्या मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "जाऊ दे माय," एवढंच म्हणाली, "यंदा घरीच बसंन म्या."

जालन्याला परतल्यावर मी भंगारवाला शोधला. त्याने गोदाम दाखवलं, गोदामवाल्याने मोठ्या वजनकाट्याकडे बोट केलं, तिथल्या माणसाने एमआयडीसीतल्या भट्ट्यांच्या धुराकडे. "मॅडम, आठ दिवस झाले. आमचा माल चौथ्या दिवशी भट्टीत जातो," तो सहज म्हणाला. आमच्या गावात भंगाराचं असंच होतं, वितळतं आणि सळई होऊन निघतं. मी त्या धुराकडे तोंड करून उभी राहिले आणि तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांच्या देखत, रडले.

चाचांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले नाहीत की मी सांगत होतो. "आता कोन्याच्या तरी स्लॅबमदी असंल," म्हणाले. "दूसरा बनवू. माप हाय?"

माप होतं! व्हर्नियरने घेतलेलं, वहीत लिहिलेलं. मी धावत घरी जाऊन वही आणली. चाचांनी ती बघितली आणि मिटून ठेवली.

"हे क्रँकचं माप. क्रँक कधीचा?"

"साठ वर्षांपूर्वीचा असेल."

"साठ वर्षांत पाय तोच राह्यला का, मॅडम? वही नको. पाय मोजून आना."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पिंपळगावला. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासायचे बाकी होते, ते तसेच कपाटात. आत्या आधी नाही म्हणाली. जन्मभर तिने पायघोळ लुगडं नेसलं, टाच बुडेल असं, की कलणं दिसलं तरी पाय दिसू नये. मी हट्टाला पेटले. शेवटी तिने दार लोटून घेतलं, सायकलवर बसली आणि भिंतीकडे बघत निरी गुडघ्यापर्यंत वर घेतली.

तो पाय मी पहिल्यांदा पाहिला. पोटरी अशी नव्हतीच. नडगीचं हाड आणि त्याच्यावर सैल, पांढुरकी कातडी. मी तो दोन्ही हातांत घेतला. हलका होता, लहान मुलीचा असावा तसा.

"बानं असाच धरल्ता," ती म्हणाली. "खडूनं खूण केल्ती."

मी खडू घेतला. पाय जेवढा सुखाने खाली जाईल तिथे भिंतीवर एक खूण, गुडघा कळ न येता जेवढा वर येईल तिथे दुसरी. ह्या वेळी मी घाई केली नाही. तीनदा मोजलं. मधलं अंतर काढून त्याचं अर्धं केलं. वहीतल्या मापाहून ते पाऊण इंच कमी भरलं. आजोबांचा क्रँक मिळाला असता तरी आता तो तिला बसला नसता.

"दुखतं का गं?" मी विचारलं. हा प्रश्न तिला विचारायला मला पन्नास वर्षं लागली.

"चालताना दुकतं," ती म्हणाली. "पण त्याचं काय न्हाई. चालताना समदे पाय बगत्यात, त्याचं लई वाटतं. लेकरं, मोठी माणसं, समदी. तोंडाकडं बगायच्या आदी पायाकडं बगत्यात. सायकलवर कोन्ही बगत न्हाई. सायकलवर म्या आपली एक बाई."

चाचांनी पुण्याहून आलेल्या त्या देखण्या जोडीतला, मी येताना सोडवून आणलेला डावा क्रँक मधोमध कापला, लेथवर घातला, सांधला, आणि दोन दिवस कानस मारत बसले. ग्रुपवर मी त्याचा फोटो टाकला नाही. पहिल्या खेपेला पाय बसला, पण पायडलाचा कोन चुकला. दुसऱ्या खेपेला बसला. पिंपळगावच्या शाळेच्या पटांगणावर आत्याने सकाळच्या पारी चार फेऱ्या मारल्या. मी हात पसरून तिच्या बाजूने पळत होते, आमचे हे कठड्याला धरून "हाड मोडेल, हाड मोडेल" म्हणत होते. "हाड माझंय जावईबापू," ती तिकडून ओरडली.

चौदा एप्रिलला ती पहाटे उठली. पांढरं शुभ्र लुगडं, काळा चष्मा. गल्लीत निळ्या पताका लागल्या होत्या. मी म्हणाले, मी सोबत चालते.

"नको. तू व्हय पुढं. तू माझ्या बाजूनं पळाली का लोकं तुला बगून मला वळखत्यान."

म्हणून मी पुढे गेले आणि विहाराच्या पायरीपाशी उभी राहिले. उभी कसली, चुळबुळत होते. बायका वंदनेसाठी जमत होत्या, जयभीम घालत होत्या, आणि माझा जीव वळणावर अडकलेला. पडली तर? पाय सुटला तर? मग वळणावरून पांढरं काहीतरी आलं. पाठ ताठ, मान वर, एका लयीत दोन्ही पाय वरखाली, आणि पताकांच्या खालून ती सायकल अशी येत होती की समोर गप्पा मारत उभी असलेली पोरं आपोआप बाजूला झाली. कुणी पायाकडे बघितलं नाही. 

माझ्या शेजारी एक तरुण सून उभी होती, दोन वर्षांपूर्वी गावात लग्न करून आलेली, आत्याच्याच गल्लीतली, तिला रोज कलत चालताना बघणारी. पदर सावरत तिने मला विचारलं, "ताई, ती कोण पाव्हणी आली वो?"

मी सांगायला तोंड उघडलं, तोवर आत्या समोर येऊन थांबली, उजवा पाय पायरीवर टेकवला, उतरली मात्र नाही.

"काय इचारून राह्यली ती?"

"पाव्हणी कोण आली म्हणून."

आत्याने त्या पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. काळ्या चष्म्याखाली तिचे गाल हलले.

"वंदनेला टाइम हाय का अजून?"

"आहे. दहा मिनिटं."

"मंग सांगू नको तिला. पाव्हणीला अजून एक चक्कर मारून येऊ दे," आत्या म्हणाली, आणि पायरीवरचा पाय उचलून तिने हँडल वळवलं.